कानसेनांची बीप

आमच्या भागात गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे कानसेन म्हणतात, कारण गाडीचा बिघाड ते नुसता आवाज ऐकून ओळखतात अशी ख्याती आहे. ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटा मोठा. दुकानात मीटर आहे, पण त्यावर ते चहाचा कप ठेवतात. मीटर लावणाऱ्याला ते कारागीर मानतच नाहीत.

माझी गाडी बावीस वर्षांची. एका सकाळी तिच्यात बारीक, टोकदार बीप सुरू झाली. दिवे बंद, पट्टा लावलेला, चारही दारं दोनदोनदा आपटून झाली, तरी चालूच. दोन दिवसांत बायको म्हणाली, "मी पायी जाईन." म्हणून गेलो कानसेनांकडे.

त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, डोळे मिटले, समाधी लागल्यासारखा चेहरा केला. मग एक फ्यूज उपटला, त्यावर फुंकर मारली आणि परत बसवला.

"झालं," म्हणाले.

"अहो, वाजतेय की."

"ती तुमच्या डोक्यात बसलीय, साहेब. दोन दिवस वाजेल, मग जाईल."

सांगायला लाज वाटते, पण मी दोन दिवस वाट पाहिली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी रिले नावाचा एक धडधाकट स्विच बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिसऱ्या खेपेला लांब बाकावर बसलेल्या टॅक्सीवाल्याला ऐकवलं, "काही लोकांना भास होतात." तोही हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी दाराजवळच्या स्टुलावर स्क्रू निवडत बसणाऱ्या वहिनी, म्हणजे कानसेनांच्या पत्नी, असत्या तर त्यांना तरी गाऱ्हाणं सांगितलं असतं. पण त्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या होत्या.

मी ठरवलं, शनिवारी दुकान भरलेलं असताना जायचं आणि चारचौघांत यांची लाज काढायची. वाक्यही घोटून ठेवलं: "आधी स्वतःचं वायरिंग तपासा."

शनिवारी गेलो तर वहिनी स्टुलावर हजर. कानसेनांनी फ्यूज काढला आणि या वेळी डोळे न मिटता वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी स्क्रू निवडता निवडता मान किंचित हलवली. नाही. दुसरा फ्यूज. नाही. मग ते एकेक दार उघडून, दार लावल्यावर दाबलं जाणारं चौकटीतलं बटण बोटाने दाबत गेले. मागच्या डाव्या दाराशी बीप थांबली आणि वहिनींनी होकार भरला. बटण झिजून आखूड झालं होतं, त्यामुळे दार लावलं तरी गाडीला ते उघडंच वाटत होतं. कानसेनांनी त्यावर रबराची टोपी बसवली. सगळं मिळून पाच मिनिटं.

मला उशिरा का होईना, कळलं. या माणसाला बारीक आवाज ऐकूच येत नव्हता. किती वर्षं कोण जाणे, दुकानातले कान वहिनींचे होते.

"बोला, वाजतंय काही?" कानसेनांनी भरल्या दुकानात विचारलं. पडलो तरी नाक वर. घोटलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते एकच पाना फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होते, आणि त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. माझ्या एका शब्दाने त्यांचं तीस वर्षांचं नाव जाणार होतं. मला दया आली. खरं सांगायचं तर मोठेपणा मिरवायची हौसही आली.

"गेली," मी मोठ्याने म्हणालो. "तुमच्या कानांना तोड नाही."

आजही बाकावर असलेल्या टॅक्सीवाल्याने मान डोलावली. कानसेनांची छाती फुगली.

वहिनी मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. आता आभार मानतील म्हणून मी नम्र चेहरा करून उभा राहिलो.

"बाळ वीस दिवसांचं आहे," त्या म्हणाल्या. "लेक एकटी आहे तिथे. चार महिने राहायचं ठरलं होतं माझं. तुमची गाडी सारखी परत यायला लागली, तसं यांनी मला बोलावून घेतलं."

"अहो, पण मी तर त्यांची लाज राखली."

"राखलीत ना. आज कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर हे मुकाट्याने डॉक्टरांकडे कान दाखवायला गेले असते, आणि मी संध्याकाळच्या गाडीने लेकीकडे."

आतून कानसेनांनी हाक मारली. पुढची गाडी लागली होती. वहिनी जाऊन स्टुलावर बसल्या.