गाडी दादांच्या नावावर

गाडीकाकू हे नाव तिला शाळेच्या पोरांनी ठेवलं होतं. मायदेशी ती पोरांची व्हॅन चालवायची. चढताना प्रत्येक पोर विचारणार, गाडीकाकू, आज मी पुढे बसू? आणि ती प्रत्येकाला सांगणार, पुढची जागा दप्तरांची. नऊ वर्षं तिने ती व्हॅन चालवली, पण गाडीवर कधी ओरखडा म्हणून पडला नाही. गल्लीतली माणसं म्हणायची, ही बाई गाडी चालवते की पाळणा हलवते, कळत नाही.

व्हॅन मात्र सासऱ्यांच्या नावावर होती. गाडीचे कागद, विमा, शाळेशी ठरलेला व्यवहार, सगळं त्यांच्या नावावर. सासऱ्यांना सायकलसुद्धा धड यायची नाही; तरुणपणी एकदा शिकायला गेले ते थेट न्हाव्याच्या दुकानात शिरले होते. पण घरातलं जे काही असेल ते थोरल्याच्या नावावर, ही त्या घरची रीत. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू दिसला तर माणूस सावध तरी होतो हो, इथे तर सगळे मायेचेच.

मग नवरा, ती आणि लेक या परक्या देशात आले. इथे तिला काम मिळालं ते घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचं. कोणाला आंघोळ घालायची, कोणाचे पाय चोळायचे, कोणाला औषधाची गोळी देऊन ती गिळली की गालात ठेवली ते बघायचं. घरं लांब लांब, बस धड नाही, म्हणून हाताशी विमा उतरवलेली गाडी असेल तरच नोकरी. आणि या तिघांना इथे राहायची परवानगी होती ती तिच्याच नोकरीवर. नवरा शीतगृहात खोकी उचलायचा, पण त्याच्या कामाला सरकार हिंग लावून विचारत नव्हतं. म्हणजे राहणं नोकरीवर, नोकरी गाडीवर आणि गाडी विम्यावर. सगळ्यांत खाली विमा, आणि तोच हाती लागेना.

इथली गाडी चालवण्याची परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली. एक जुनी निळी गाडीही घेतली. चालू होताना आणि थांबताना तिच्या इंजिनाचा पट्टा किंचाळायचा, बाकी गाडी गुणी. पण विम्याचा भाव ज्या ज्या कंपनीला विचारावा ती गाडीपेक्षा मोठा आकडा सांगायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! सगळीकडे उत्तर एकच, तुम्ही इथे नवीन आहात, तुमचं मागचं काही आमच्याकडे नाही.

शेवटी ती एका विमा दलालाकडे गेली. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर लाकडी जिना होता आणि जिन्याच्या टोकाला त्याची खोली. दलाल कमी बोलणारा, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारा. त्याने विचारलं की मागच्या देशात किती वर्षं अपघाताशिवाय गाडी चालवलीत? तिचा चेहरा उजळला. नऊ, ती म्हणाली. तिथल्या विमा कंपनीकडून तसं लिहून आणा, भाव निम्म्यावर येईल, तो म्हणाला. फक्त विमा तुमच्या नावावर असायला हवा.

तिने घरी फोन लावला. सासरे हसले आणि म्हणाले, नाव माझं काय नि तुझं काय, सगळं आपलंच ना? नऊ वर्षं गाडी हाकली तिने आणि कागदावर सज्जन चालक ठरले सासरे.

दलालाने दुसरी वाट सांगितली. गाडीत एक डबी बसवायची, तुम्ही कशी चालवता ते ती डबी बघणार, वर्षभरात भाव उतरणार. पहिलं वर्ष जड जाईल, पण वर्षानंतर तुमचं स्वतःचं नाव तयार होईल. ती उठली तेव्हा तो जिन्यापर्यंत आला.

"कोणी म्हणेल, माझ्या नावावर काढा, स्वस्त पडेल. तसं करू नका. जो गाडी चालवतो, त्याच्याच नावावर विमा."

तिने मान हलवली. अगदी मनापासून हलवली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

रविवारी सगळे मोठ्या दिरांकडे जेवायला गेले. दीर म्हणजे दादा, या देशात बारा वर्षं मुरलेले. यांना इथे बोलावणारे तेच, खोली बघून देणारे तेच, पहिल्या हिवाळ्यात कोट देणारेही तेच. मनाचा दिलदार माणूस, फक्त दुसऱ्याच्या अडचणीत उडी मारताना खाली पाणी आहे की दगड ते बघायचा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. गाडी आणि विमा दोन्ही माझ्या नावावर करू, मुख्य चालवणारा मी आणि तू कधीमधी चालवणारी; कागदावर तुझंही नाव असलं की नोकरीला पुरे. बारा वर्षांत माझ्या नावावर डाग नाही, पाव भावात होईल.

तिने दलालाचं म्हणणं सांगितलं. दादा म्हणाले, तो तसंच म्हणणार, त्याचं पोट त्यावर चालतं. मग नेहमीचं वाक्य आलं, मी आहे ना. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लिहिलेलं होतं, दादाचा शब्द मोडायचा का? आता ज्याने कोट दिला त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं तिची आई सांगून थकली होती. पण आई लांब होती आणि दादा समोर. तिने सही केली.

नंतर ती कप विसळायला आत गेली. जाऊबाई कप पुसत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "माझ्या भावाच्या वेळीही हे असंच म्हणाले होते, मी आहे ना."

"मग काय झालं?"

"तो परत गेला," जाऊबाई म्हणाल्या आणि कप फळीवर उपडा घातला. एवढ्यात दादा आत आले, म्हणून बोलणं तिथेच राहिलं.

गाडी ती आधीही जपून चालवायची, आता जीव मुठीत धरून चालवू लागली. मागे कोणी जरा जवळ आलं की कडेला घेऊन त्याला पुढे जाऊ द्यायची. एकदा रस्त्यात पोलीस सगळ्यांचे कागद बघत होते. तिचा कागद पाहून पोलिसाने विचारलं, कधीमधी चालवता का? ती हो म्हणाली. बस, एक शब्द. त्याने हात हलवून जाऊ दिलं, पण पुढच्या वळणावर तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

पहिलं वर्ष सरलं. विमा आणखी स्वस्त झाला आणि त्याचं पुण्य पडलं दादांच्या पदरात. चार पाहुण्यांत ते सांगायचे, माझ्या नावावर दोन दोन गाड्या आणि एक ओरखडा नाही. सगळे हसायचे, तीही हसायची. डबी बसवली असती तर आज माझं नाव तयार असतं, हे तिला कळत होतं. एकदा ती त्या जिन्यापर्यंत जाऊनही आली. पण वर जाऊन काय सांगणार? मागचं वर्ष कोणाच्या विम्यावर चालवलंत, असं दलाल विचारणारच. चपला शिवणाऱ्याने विचारलं, काही हवंय का? ती नाही म्हणाली आणि परत फिरली. इकडे लेक या देशाची भाषा झोपेतसुद्धा बोलायला लागली होती.

तिचं रोजचं पहिलं घर एका आजींचं. उताराच्या गल्लीत शेवटून दुसरं फाटक. आजींची नजर जवळजवळ गेलेली, पण कान असे तिखट की शेजारची मांजर भिंतीवरून उतरली तरी सांगायच्या. खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायच्या. निळ्या गाडीचा पट्टा किंचाळला की म्हणायच्या, आली माझी पोर. त्या एका वाक्यासाठी तिला ते घर आवडायचं. परक्या देशात आपली वाट बघणारं कोणी असावं, याहून माणसाला जास्त काय लागतं?

मग दुसरं वर्ष सरताना ती ओली सकाळ आली. तिने फाटकापाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि नेहमीसारखी क्षणभर डोळे मिटून बसली. वरून एक सायकलवाला उतारावर सुसाट आला. त्याचे ब्रेक घसरले असावेत. गाडीच्या बंद दारावर धाडकन आदळला आणि पुढे जाऊन पडला. ती धावत उतरली. त्याचा पाय नको त्या दिशेला वळला होता आणि तो ओरडत होता, दार उघडलंस, माझ्या अंगावर दार उघडलंस! रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

तिने दार उघडलं नव्हतं. पण सांगणार कोणाला, आणि कशाच्या जोरावर? दादांनी फोनवर धीर दिला आणि लगेच पढवलंही. कंपनीचा फोन आला की सांग, त्या दिवसापुरती गाडी मागून नेली होती, एरवी दादा चालवतात. तिने तसंच सांगितलं. सांगताना स्वतःचा आवाज तिला कोणा दुसऱ्याच बाईचा वाटला. रात्री नवरा म्हणाला, होईल सगळं ठीक. तो भिंतीकडे बघून म्हणाला, म्हणून तिला आणखीच भीती वाटली.

आठवड्याने विमा कंपनीचा तपासनीस आजींच्या घरी आला. आजी खिडकीशी असतात, त्यांनी काही ऐकलं असेल, म्हणून. ती तेव्हा आजींच्या पायात मोजे चढवत होती. एक चढवून झाला होता, दुसरा हातात. तपासनीस अदबीने बोलणारा तरुण होता, बूट दारातच पुसून आत आला. त्याने विचारलं, आजी, त्या सकाळी आधी दार उघडलं की आधी धडक झाली?

आजी ताठ बसल्या. आपल्याला कोणीतरी विचारतंय, याचा त्यांना आनंद झाला होता.

"आधी धडक. मला विचारा ना. पट्टा किंचाळतो, गाडी थांबते, हँडब्रेकचा कर्र असा आवाज येतो. मग ही पोर जराशी बसून राहते, दमलेली असते बिचारी. मग तिच्या सीटबेल्टची कडी सुटते आणि मग दार. त्या दिवशी कडी सुटायच्या आधीच तो येऊन आपटला. हिने दार उघडलंच नव्हतं."

गाडीकाकूचे डोळे भरून आले. आठवडाभर तिला हवं होतं ते हेच. हात धरून आभार मानावेत म्हणून ती पुढे झुकली, तेवढ्यात तपासनीसाने लिहिता लिहिता विचारलं, इतका क्रम तुम्हाला कसा पाठ?

"रोज ऐकते की," आजी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. पाऊस असो, बर्फ असो, एक दिवस चुकली नाही. या गाडीवर तुम्ही घड्याळ लावा. हो ना गं पोरी? सांग त्यांना."

तपासनीसाचं पेन थांबलं होतं. त्याने मागचं पान उलटून पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. टेबलावर तिचा फोन थरथरू लागला, त्यावर दादांचं नाव होतं. आजींची बुद्धी जरा फिरलीय, त्यांना दिवसांचं भान राहत नाही, एवढं म्हटलं की सुटली असती. वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. तिला लेक दिसली, जाऊबाईंनी उपडा घातलेला कप दिसला. पण ज्या बाईने आत्ता तिला वाचवलं, तिलाच वेडी ठरवायचं?

"हो," ती म्हणाली. "मीच चालवते. रोज. पहिल्यापासून मीच."

जन्मात पहिल्यांदा तिने हे कोणासमोर म्हटलं, आणि म्हटलं ते या माणसासमोर.

तपासनीसाला वाईट वाटलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला की धडकेत तुमची चूक नव्हती, हे मी लिहीन. पण दुसरंही लिहावं लागेल. विमा उतरवला तेव्हा आणि परवा फोनवर, दोन्हीकडे खोटं सांगितलं गेलंय. तुमच्या नोकरीच्या ठिकाणीही कळवतील. आणि आजपासून ही गाडी रस्त्यावर आणू नका, विमा नाहीच असं समजा. गाडी कोण चालवतं या रकान्यात त्याने तिचं नाव लिहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे ना, ते तिला विचारून घेतलं.

तो गेल्यावर तिने दुसरा मोजा चढवला, चपला जोडीने पायाशी ठेवल्या, चहा हाताशी दिला. फोन पुन्हा थरथरून थांबला. पुढच्या घरचे आजोबा गोळीसाठी वाट बघत असतील आणि तिथे पायी पोचायला दुपार होणार होती. तिने कोट चढवला. आजी खूष होत्या, तिचा हात धरून म्हणाल्या, "बघ, कसं ठणकावून सांगितलं तुझ्यासाठी. उद्या बर्फ पडणार म्हणतायत, जपून ये. गाडीचा आवाज आला की मी दाराची कडी काढते."

ती बरं म्हणाली. गाडीची किल्ली तिने कोटाच्या खिशात टाकली आणि गाडीकडे न बघता उतारावरून चालू लागली.