राखणदाराच्या पुढ्यातली माती

तळ्याच्या तळात खुपसून गाळासकट वर काढलेली पहिली नळी उभी चिरली. आत वरपासून खालपर्यंत तांबडी माती निघाली आणि सुमंगला कुंभारणीचं तोंड उतरलं.

वीस वर्षं ती एकच सांगत होती: डोंगरावर खाण आली आणि तळ्यात हा गाळ उतरला, आधीची माती काळी, लोण्यासारखी होती. तांबडीची मडकी भट्टीत तडकतात. पंच सदाशिव म्हणे, तळं पूर्वजांपासून तांबडंच, मडकी तडकतात ती वयनीच्या हातांमुळे. गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी पणजीहून मनीषा नावाची संशोधक डिचोलीत आली. तळ्यात गाळ थरावर थर बसतो, जुना सगळ्यांत खाली, असं तिने सांगितलं तेव्हा सुमंगलेला वाटलं, आता तळंच साक्ष देईल.

"तळ्यानच सांगलें न्हय आतां, वयनी?" सदाशिव म्हणाला.

तिने चिमूटभर माती वळून वात केली, बोटाभोवती गुंडाळली. चांगल्या मातीची वात अशी गुंडाळली तरी अखंड राहते; ही तुटली. मग तिने काठाकडे पाहिलं आणि तिला उमगलं.

"बाय, हंगा म्हजी सासूमांय माती काढटाली. तिचोच खड्डो हो, मागीर गाळान भरलो."

इथली जुनी काळी माती तिच्याच घराने खणून, मडकी करून गावभर विकली होती!

कुणीच न खणलेली जागा एकच होती, पलीकडच्या काठी देवचाराच्या, म्हणजे गावाच्या राखणदाराच्या, दगडापुढची. राखणदाराच्या भीतीने तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुदळ लागली नव्हती. तिथे नळी घालायची तर आधी गाऱ्हाणं घालून त्याची परवानगी मागायला हवी, आणि गाऱ्हाण्याचा मान सदाशिवच्या घराण्याचा.

सुमंगला त्याच्या दारात गेली. तो आढेवेढे घेऊ लागला, तशी ती शांतपणे म्हणाली, "तुजें खरें जाल्यार भियेता कित्याक?"

सकाळी सदाशिवने दगडापुढे जाड भाकरीचा रोट आणि विडी ठेवून हात जोडले. कुदळ नव्हे, नुसती नळी आहे, खरं असेल ते वर येऊ दे, असं त्याने मागितलं. लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं.

या नळीत दोन वितीच तांबडं होतं. खाली तळापर्यंत काळीभोर माती.

कुठला थर कुठल्या वर्षाचा ते प्रयोगशाळाच सांगेल, मनीषा म्हणाली. नळीच्या तोंडाला चिकटलेली काळी माती तिने सुमंगलेला दिली. सुमंगलेने वात वळली, बोटाभोवती गुंडाळली आणि बोट सदाशिवपुढे धरलं. त्याने चष्मा पुसला आणि वाकून बराच वेळ तडा शोधला.

तडा नव्हता.