बदली द्या, मग जा

सुकलालचे दोन्ही हात वर होते आणि माझे दोन्ही हात त्याच्या कमरेवर. तेवढ्यात तो मोठ्यानं म्हणाला, "आबा, जरा हळू, गुदगुल्या व्हतस!" मागची सगळी लाइन हसली. मीही हसलो असतो. पण या सुकलालच्या वरातीत मी नाचलोय. आणि आता रोज संध्याकाळी त्याचंच पोट चाचपतो. तिथल्या तिथं ठरवलं, ही नोकरी सोडायची.

काम काय ते आधी सांगतो. सुरतेजवळ सचिन नावाचं गाव आहे, तिथं साड्या छापायची एक मिल आहे. तिथं मी गेटवर. शिफ्ट सुटली की कारागीर बाहेर येतात आणि प्रत्येकाची झडती घ्यायची. कारण छापलेलं कापड पोटाला गुंडाळून नेणारेही असतात. सकाळी काडीसारखा आत गेलेला माणूस संध्याकाळी सहाव्या महिन्यातला होऊन बाहेर येतो. ते ओळखायला शिक्षण लागत नाही. माझं चौथीपर्यंत झालंय, तेही मास्तरांच्या मेहरबानीनं.

आयुष्य माझं सुरतेतच, लिंबायत भागात लूमवर गेलं. लूम म्हणजे विजेवर चालणारा माग. एका खोलीत असे कितीतरी खडखडत असतात, शेजारचा ओरडला तरी नुसतं तोंड हललेलं दिसतं. त्यात माझे कान गेले. मग उभं राहून राहून गुडघे गेले. मग राजूची आई गेली. राजू माझा मुलगा. त्यानं ओळखीनं हे गेटचं काम लावून दिलं. म्हणाला, "बाबा, घरी बसून काय करणार?" मला घरात बसवत नव्हतंच. काय काम, कसलं काम, काही न विचारता हो म्हणालो. दुःखात माणूस कशालाही हो म्हणतो.

ती असती तर हो म्हणू दिलं नसतं. ती म्हणायची, "पोटसाठे काहीबी कर, पन दुसराना खिसामा हात घालू नको." आणि मला पगारच दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा मिळत होता.

खरं दुखणं झडतीचं नव्हतं. मी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, गेलो की बोलणं बंद व्हायचं, घरात सासरा शिरावा तसं. काल ज्यांच्याबरोबर तंबाखू मळली ते आज चुन्याची डबी खिशात घालायचे. गेटवाल्यासमोर कोण बोलणार? बोललेलं यानं ऐकून वर साहेबाला पोचवलं तर? माझ्या कानांपर्यंतच काही पोचत नाही, ते वर कुठून पोचणार! पण लोकांना कोण सांगणार.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मॅनेजर जिग्नेशभाई. माणूस बरा. फक्त कॉम्प्युटरशी बोलत असल्यासारखा सगळ्यांशी बोलतो.

"साहेब, मी काम सोडतो."

"क्यूं काका? कोईए कंई कह्युं?"

"कुणी काही बोलत नाही. तेच तर."

त्याला कळलं नाही. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "ठीक है, जाओ. पण बदली आपो. बदली दो, फिर जाओ."

बदली म्हणजे आपल्या जागी उभा राहणारा माणूस. सुरतेत लूमवर ही जुनी रीत. गावी लग्न असो की मयत, जाणाऱ्यानं स्वतः माणूस आणून उभा करायचा. माग थांबता कामा नये, माणूस कुठलाही चालेल. माझ्या स्वतःच्या लग्नालासुद्धा मी बदली देऊन गेलो होतो. लूमवर, नवरीपुढे नाही.

तर मी बदली शोधायला निघालो. पहिल्यांदा लिंबायतला रामदासकडे. आम्ही एका खात्यात, म्हणजे एकाच कारखान्यात, लूम चालवलेत. तो ओट्यावर बसून होता.

"रामदास, एक झकास काम आहे. बसून करायचं. डोक्यावर पंखा."

"अस्सं?"

"टोपी मिळते. शिट्टी मिळते."

"मग तू का सोडतोस?"

"गुडघे रे."

"बसून काम आहे ना?"

मी तसाच उठलो. चहासुद्धा घेतला नाही.

मग डिंडोलीत, मी राहतो तिथं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची लारी लावणारा यशवंत. म्हटलं, उन्हात तळतोय बिचारा. त्याला सांगितलं, "शेठची गाडी आली की सलाम ठोकायचा, बाकी दिवसभर काही नाही." तो खूश झाला. म्हणाला, "सलाम कोण ठोकणार, शेठ?" मी म्हटलं, "तू." त्यानं मला अर्धा किलो वांगी तोलून दिली आणि म्हणाला, "आबा, इथं मीच शेठ आहे. वांगी घ्या आणि जा."

ज्या नोकरीला रोज शिव्या देतो तिची तारीफ गल्लोगल्ली करत फिरायचं, हा धंदा फार वाईट. मुलगी खपवणारा बापसुद्धा इतकं खोटं बोलत नसेल. एकदा तर घरी येताना रिक्षात मलाच वाटायला लागलं की नोकरी काही वाईट नाही, उगाच सोडतोय.

मग भिका आला. भिका माझ्याच वयाचा. पूर्वी लूमवर होता, आता मुलाच्या दुकानात बसतो आणि मुलगा त्याला गल्ल्याला हात लावू देत नाही. कुणाकडून तरी ऐकून आपणहून माझ्या घरी आला. पहिला प्रश्न काय विचारला?

"हिरामण भो, टोपी कोणत्या रंगाची?"

तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पण अडला हरी. मी त्याला दुसऱ्याच दिवशी गेटवर नेऊन उभा केला.

जाताना त्याला काम समजावून दिलं. माझी पद्धत अशी होती. एखाद्याचं पोट फुगलेलं दिसलं की मी त्याला हात लावायचोच नाही. म्हणायचो, "अरे, तोंड सुकलंय तुझं. जा, आत जाऊन पाणी पिऊन ये." माणूस आत जायचा. दोन मिनिटांत सडपातळ होऊन यायचा. कापड मिलमध्ये, माणूस घरी. बोंबाबोंब नाही. असा दोनदा पाणी प्यायलेला माणूस तिसऱ्यांदा पोट फुगवून येत नाही. आणि खिशात चिंधी असली तर तिकडे बघायचंच नाही. चिंधी म्हणजे रंगाचे हात पुसायचा कापडाचा तुकडा. ती सगळ्यांच्याच खिशात असते.

भिकानं ऐकून घेतलं. टोपी नीट केली. म्हणाला, "चोर पकडायचाच नाही, तर गेट कशाला?"

मी म्हटलं, "तुझं तू बघ." आणि सुटलो.

पहिला दिवस मजेत गेला. दुपारपर्यंत झोपलो. दुसऱ्या दिवसापासून घर अंगावर यायला लागलं.

आमची सून चांगली. मोठ्या माणसांशी हळू बोलते, वळणच तसं आहे. पण हळू बोललेलं मला ऐकू येत नाही. ती काहीतरी विचारते, मी हो म्हणतो, आणि ताटात नको असलेली भाजी येते. राजूची आई माझ्याशी ओरडून बोलायची. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिटकवायची, आणि चिटकवता चिटकवता भिंतीपलीकडे जाईल असं ओरडायची. नवे शेजारी आले की त्यांना वाटायचं, म्हातारा-म्हातारीचं रोज भांडण चालतं. एकदा एक बाई मध्यस्थी करायला आली होती. तेव्हा आमचं काय चाललं होतं, तर मेथी महाग झाली असं ती मला सांगत होती.

आता घरात तसं कोणी बोलत नाही. टीव्ही मोठा केला की शेजारी भिंत ठोकतात. तेवढंच एक ऐकू येतं.

गेटवर जायचा मला कंटाळा होता. घरात बसायची भीती वाटायला लागली. कंटाळा परवडला.

पण आता कुठल्या तोंडानं जाणार? आपणच सोडली. आपणच बदली दिली. परत जाऊन काय म्हणायचं, भिका, टोपी उतरव? तर मी गप्प बसलो. माणसं हट्टानं नोकरी धरून बसतात, मी हट्टानं सोडून बसलो.

तिकडे भिकानं गेटचं पोलीस ठाणं केलं होतं. बूट काढा. टोपी काढा. डबा उघडा. डब्यातली उरलेली भाकरी उलटी करून बघायचा. लाइन पार रस्त्यापर्यंत जायची. शिट्टी तर अशी वाजवायचा की माझ्यासारख्यालाही ऐकू आली असती. आणि एका संध्याकाळी त्यानं सुकलालच्या खिशातून ती हात पुसायची चिंधी काढली, सगळ्यांसमोर वर धरली आणि ओरडला, "चोर सापडला!"

सुकलालनं चिंधी हातातून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईचे कारागीर गेटसमोर रस्त्यावर बसले. कोणी आत जाईना. आत रंग तयार, कापड तयार, माणूस नाही.

थोड्या वेळानं आमच्या दाराशी रिक्षा थांबली. सुकलाल आणि आणखी चार जण उतरले. घरात शिरले आणि सगळे एकदम माझ्यावर ओरडायला लागले. सून घाबरून स्वयंपाकघरातून धावत आली. मी तिला म्हटलं, "घाबरू नको, चहा टाक. मला ऐकू यावं म्हणून ओरडतात." किती दिवसांनी एवढं ऐकू आलं होतं!

"आबा, वापस चला," सुकलाल म्हणाला. "भिका तात्या माले चोर म्हणतस."

"का रे? माझ्याशी तर कोणी बोलत नव्हतं. मी आलो की चुन्याची डबी खिशात जायची."

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. मग सुकलालच बोलला.

"गेटवाल्याशी कोण बोलस, आबा? पन आमले काय माहीत, दुसरा गेटवाला कसा निघी ते!"

"मला ते काम आवडत नाही. साफ सांगतो."

"ते सगळाले माहीत शे. तुम्ही कसा हात लावतस, तापेल तव्याले लावल्यासारखा. भिका तात्याले आवडस ते काम. तोच तर तरास शे."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, जे काम आवडत नाही ते आपल्याकडून वाईटच होणार.

सुकलालनं फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. पलीकडून जिग्नेशभाई. तोही ओरडत होता, आता त्यालाही कुणीतरी शिकवलं होतं.

"काका, आ जाओ ने! प्रिंटिंग बंद पडी छे!"

"येतो. पण एक अट आहे. रोज सगळ्यांत शेवटी माझी झडती. सुकलाल घेईल."

"आपकी? अरे काका, आप क्या चुराओगे?"

"हेच भिकाला विचारा, सुकलाल काय चोरणार होता?"

मग तो म्हणाला, "ठीक है. आओ."

भिकाचं काय करायचं हा प्रश्न होता. त्याला काढा असं मी म्हणालो नाही. मीच आणलेला माणूस, आणि घरी मुलगा गल्ल्याला हात लावू देत नाही. माल न्यायला टेम्पो येतात, ते रोज एकमेकांच्या आडवे लागतात. जिग्नेशभाईनं त्याला तिकडे लावलं. टेम्पोला खिसे नसतात. भिका टोपी घालून शिट्टी वाजवतो, टेम्पोवाले शिव्या देतात, तो परत शिट्टी वाजवतो. माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मग म्हणाला, "हिरामण भो, हे काम चांगलं आहे. तू आधी का नाही सांगितलं?"

मी परत गेलो त्या दिवशी संध्याकाळी लाइन संपली. मी हात वर करून उभा राहिलो. कोणी घरी गेलं नव्हतं, सगळे बघायला थांबले होते. सुकलालनं बाह्या मागे सारल्या आणि असं काही तपासलं मला, की भिका परवडला असता. शेवटी आतल्या खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि वर धरली. तंबाखू मी सुनेसमोर शपथ घेऊन सोडली होती.

"आबा, वहिनीले सांगू का?"

रस्त्यावरून जाणारे लोक थांबले, इतकं हसणं झालं. मीही हसलो. राजूची आई गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच. मग घरी जाताना रिक्षात थोडं रडू आलं, पण ते सोडा.

तर झालं ते असं. काम मला आजही आवडत नाही. झडती घेताना अजून वाटतं, आपण कोण लागून गेलो. पण आता तसं वाटतं म्हणून नोकरी सोडत नाही, तसं वाटतंय तोवर ठीक चाललंय असं समजतो. ज्या दिवशी दुसऱ्याच्या खिशात हात घालायला मजा येईल त्या दिवशी मात्र बदली न देता पळेन.

गेटवर बसलो की नवीन पोरं विचारतात, "आबा, डोकं फिरलंय, काम सोडू का?" मी सल्ला देत नाही. एवढंच विचारतो, घरी कोण आहे? वाट बघणारं कोणी असेल तर म्हणतो, सोड बिनधास्त, सुरतेत कामाला तोटा नाही. कोणी नसेल तर म्हणतो, आजची शिफ्ट कर, उद्या परत विचार.

मी स्वतःला रोज तेच सांगतो.