पुन्हा वाचा, सर

सरांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि हातात किटली दिली.

"तुले काय समजते त्यातलं? चहा आण पयले."

खोलीत अठरा माणसं बसली होती. भिंतीवर कापडी फलक होता, 'लोकशाही वाचवू या : सामूहिक वाचन व चर्चा'. तो फलक सकाळी स्टुलावर चढून मीच बांधला होता. कुणी हसलं नाही. कुणाला वाईटही वाटलं नाही. साकोलीहून एसटीने येणाऱ्या मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "माह्या चहात साखर कमी टाकजो वं."

मी फक्त एक ओळ दाखवायला उभी राहिले होते. सर मोठ्याने वाचत होते आणि मी दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून त्यांच्या मागे मागे वाचत होते. त्यांनी एक ओळ गाळली. त्या ओळीत लिहिलं होतं की खोटी बातमी अडाणी माणसापेक्षा शिकलेला माणूस जास्त तोऱ्यात पसरवतो. ती गाळून सर पुढे म्हणाले, "म्हणजे पाहा, अडाणी लोक अफवांना बळी पडतात." अठरा माना हलल्या. मी चहा उकळायला गेले.

अड्याळच्या पुढे एका गावात सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे मी शिपाई. कुलूप उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं मांडायची. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं आहे. कपाटातलं एकूणएक पुस्तक मी पुसलंय, आणि निम्म्याहून जास्त वाचलंय. सर वाचनालयाचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक, घरची धानाची मोठी शेती. मी वाचते हे त्यांना माहीत होतं. त्यांना त्याची गंमत वाटायची. पाहुण्यांना सांगायचे, "आमची शिपाईबाई बी वाचते बरं का!" माकड सायकल चालवतं हे सांगावं तसं.

चर्चा दर रविवारी दुपारी व्हायची. माझी जागा दाराबाहेर, चपलांजवळ. अक्षर चांगलं म्हणून नोंदवही मात्र माझ्याकडे. कोण काय बोललं ते मी बाहेर बसून लिहायची. खाली शेवटी लिहायची, 'उपस्थिती अठरा'. मला धरून एकोणीस होते. आठ रविवार मी माझ्याच हाताने अठरा लिहिलं. सर जे बोलले त्यापेक्षा याची मला आज जास्त घाण वाटते.

आम्ही पुनर्वसनातले. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. या वाचनालयाच्या गावाच्या टोकाला आम्हाला प्लॉट दिले, तिथे एकसष्ट घरं आहेत. माझी पोरगी इथेच जन्मली, आता कॉलेजात जाते, तरी गाव आम्हाला अजून 'धरणवाले'च म्हणतं. वस्तीत आम्ही विहार बांधलं. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आमच्या जुन्या गावापासूनची रीत अशी की ज्याला कळलं नाही त्याने 'पुन्हा वाच' म्हणायचं. वाचणाऱ्याने मुकाट्याने ती ओळ पुन्हा वाचायची. चिडायचं नाही.

माझ्या मायला अक्षर ओळखता येत नाही. पण सगळ्यांत जास्त तीच थांबवते. "पुना वाच वं. हे कोन म्हनलं? त्यानं सोता पाह्यलं का आयकलं?" कधी कधी एका पानात आमची संध्याकाळ जाते. शाळेत असताना मला तिची लाज वाटायची. वाटायचं, ही बाई आपलं अडाणीपण चारचौघांत कशाला दाखवते?

नवव्या रविवारच्या आदल्या दिवशी सरांनी एक कागद दिला. "याच्या वीस झेरॉक्स काढून आण." मी काढल्या, पिशवीत घातल्या, नेऊन दिल्या. वाचल्या नाहीत. वाचनाचा एवढा गर्व मला, आणि हातातला कागद वाचला नाही. सरांनी दिला ना, मग झालं.

त्या रविवारी धडा संपला. खोटं वारंवार सांगितलं की ते खरं कसं वाटू लागतं, असा काहीसा धडा होता. टाळ्या झाल्या. मग सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि एक मेसेज वाचला. 'पुनर्वसन वस्तीत शेकडो बोगस मतदार. धरणाचे लोक दोन दोन गावांत मत टाकतात. जागे व्हा.' त्यानंतर मी आणलेल्या झेरॉक्स वाटल्या गेल्या. ते तहसीलदारांना द्यायचं निवेदन होतं. या वस्तीतली सगळी नावं मतदारयादीतून काढावीत. लोकशाही वाचवण्यासाठी.

कुणी विचारलं नाही की मेसेज कुणी लिहिला. पंधरा मिनिटांपूर्वी अफवेच्या धड्याला वा वा करणारी तीच तोंडं. एकामागून एक सह्या झाल्या. पेन संपलं तर एकाने आपलं दुसऱ्याला दिलं, किती आपुलकीने!

मग सरांनी मला हाक मारली. "ये, आत ये. बस खुर्चीवर."

नऊ रविवारांत पहिल्यांदा.

"तुमच्या वस्तीतली एक सही असली त बरं दिसते. तुहं नाव नाही कटत, मी पाहतो न."

"अन् माह्या मायचं?"

सर हसले. "तुही माय कायले मत देते आता? तिले काय समजते त्यातलं?"

माझी माय मतदानाच्या दिवशी पहाटे अंघोळ करते, पांढरं लुगडं नेसते आणि रांगेत पहिली उभी राहते. गाव गेलं, घर गेलं, धानाला पाणी देणारी बोडी गेली. जुन्या कागदांतलं जे ओलं झालं ते गेलं. तिच्याकडे तिचं म्हणून ते एक बोट उरलं आहे, शाई लावायचं. तेही यांना हवं होतं. माझ्या सहीने.

मला शिसारी आली. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याची, त्या फलकाची, मीच केलेल्या त्या चहाची. पुस्तकाचं पान उलटणारा हात तोच, पेन पुढे करणारा हात तोच. सगळ्यांत जास्त माझी, की या माणसाला मी इतकी वर्षं विद्वान समजले.

मी पेन घेतलं नाही. म्हटलं, "सर, पुना वाचा."

"काय?"

"तो मेसेज. पुना वाचा."

त्यांनी वाचला. गंमत म्हणून.

"हे कोन म्हनलं?"

"ग्रुपवर आलं."

"त्यानं सोता पाह्यलं का आयकलं?"

सर मोबाईल खिशात घालू लागले. "पुना वाचा," मी म्हटलं. या वेळी त्यांनी भरभर वाचला. शेकडो बोगस म्हणे! घरंच एकसष्ट. "दुसरं गाव कोनतं, सर? आमचं गाव पान्याखाली हाये. तिथं मत कोन टाकून राहिलं, मासे?"

मॅडम म्हणाल्या, "इतकी कायले तापतेस वं? सर चांगल्यासाठीच करून राहिले."

सरांचा चेहरा काळा पडला. "चावी ठेव टेबलावर. उद्यापासून येऊ नको."

ठेवली. पण आधी नोंदवही उघडली आणि त्यांच्यासमोर उभ्याने लिहिलं, 'उपस्थिती एकोणीस. अठरा जणांनी सही केली. एकीने केली नाही.' खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. निवेदनाची एक प्रत पिशवीत घातली आणि चपला ओलांडून बाहेर पडले.

निवेदन थांबलं नाही. अठरा सह्यांनिशी तहसीलला गेलं. आता एकसष्ट घरांना नोटिसा आल्या आहेत, की तुम्ही इथले आहात हे दाखवा. माझी नोकरी गेली ती गेलीच. गावात म्हणतात, डोक्यात हवा गेली बाईच्या.

सध्या विहारात संध्याकाळी मी तो कागद वाचते. वाक्य वाचते, सह्या करणाऱ्यांची नावं मी मागे लिहून ठेवलीत, तीही वाचते. माय थांबवते, मी पुन्हा वाचते. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना तो तोंडपाठ झाला आहे. सुनावणीला आम्ही सगळे जाणार आहोत. तक्रार करणाऱ्यांनाही बोलावलं आहे. साहेबांसमोर सर उभे राहतील, मायच्या अगदी समोर. मी तो कागद सरांच्या हातात देणार आहे आणि मोठ्याने वाचायला लावणार आहे. एकही ओळ गाळू देणार नाही. माय म्हणेल, पुना वाच. आणि त्यांना वाचावं लागेल.