सोडियमचा शेजारी

औरंगाबादेत शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या बाटल्या मोठ्या ऐटीत अणुभाराच्या क्रमानं लावल्या. दुसऱ्या दिवशी तपासणीला येणारे साहेब माझा तास बघून नोकरी कायम करायची का, ते ठरवणार होते. तिथल्या म्हाताऱ्या शिपायानं खांद्यावरच्या फडक्यानं बाटल्या पुसल्या आणि पोटॅशियम उचलून सोडियमशेजारी ठेवलं.

“मामा, दोघांच्या भारात केवढा फरक!” मी खेकसलो.

“भार नका बघू, सर. पाण्याशी कसं वागतेत ते बघा.”

त्यांनी दोन्हींचे कण पाण्यात टाकले. दोन्ही तडतडत सैरावैरा पळाले. पोटॅशियम तर पेटलंच.

तासाला साहेबांनी विचारलं, “सोडियम-पोटॅशियम आवर्तसारणीत एकाच गणात का?” घोकलेली व्याख्या विसरून मी मामांचं वाक्य ठोकून दिलं. नोकरी कायम झाली.

“कुणी शिकवलं?” साहेबांनी कौतुकानं विचारलं. मामा मागं बाटल्या पुसत होते. नाव सांगायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.