मावशीच्या घरातला उजेड

सकाळचं ऊन आधी पापडी गावात माझ्या मावशीच्या यजमानांची परवानगी घेतं आणि मगच उरलेल्या वसईवर पसरतं, असा माझा लहानपणापासूनचा समज आहे. काकांचं घराणं सुकेळी करणारं. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, संध्याकाळी उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची, यात त्यांच्या पिढ्या गेल्या. आता वाडी निम्मी उरली आणि सुकेळी घरापुरती, पण उन्हाशी असलेला घरोबा काही तुटला नाही. "ऊन फुकट मिळतं म्हणून वाया घालवायचं नसतं," असं ते म्हणतात. दिवसा विजेचा दिवा लावणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी विकत घेणं, हे त्यांचं ठाम मत.

सकाळी पेपर घेऊन ते ओटीवर बसत आणि उजेड सरकेल तशी खुर्ची सरकवत. अग्रलेख खिडकीपाशी वाचून होई आणि शब्दकोडं परसात केळीच्या बुंध्याशी सुटे. आंघोळीचं पाणी गच्चीवर काळा रंग दिलेल्या पिंपात तापे, त्यामुळे पाहुण्यांनाही दुपारपर्यंत पारोसं राहावं लागे. लग्नानंतर मी बायकोला पहिल्यांदा तिथे राहायला नेलं, तर काका दर थोड्या वेळानं वर जाऊन पाण्यात बोट बुडवून येत आणि तिला धीर देत, "होत आलं हं सूनबाई, एवढा ढग जाऊ दे." फ्रीज उघडण्याआधी काय काढायचं ते मोठ्यानं सांगायचं, असाही नियम होता. भाताला उकळी आली की गॅस बंद आणि पातेलं गोधडीत गुंडाळून खाटेवर. एकदा मी नकळत त्यावर रेलणार, तोच मावशी ओरडली, "अरे, भात झोपलाय तिथे!"

पण खरं सांगू? त्या घरातल्या दुपारी मला फार आवडतात. पंखा बंद, खिडक्यांना ओले पडदे, बाहेर सुपारीच्या झावळ्यांची सळसळ, आणि आत हिरवट, पाण्याखाली असावा तसा अंधूक उजेड. मनवेलपाड्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये एसी लावूनही मला तशी झोप लागत नाही. जाग येई तेव्हा ऊन उतरलेलं असे आणि काका ओटीवर स्वतःचा तळहात निरखत उभे असत. हाताच्या रेषा दिसेनाशा झाल्या की मगच दिवा लावायचा. मावशी हसून म्हणे, "आमच्याकडे संध्याकाळ जरा लांबते."

गेल्या दिवाळीनंतर मी असाच गेलो होतो. तिन्हीसांजेला मावशी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. काकांनी तळहात पाहिला, दिवा लावला आणि पुन्हा माझ्याशी गप्पा मारू लागले. थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "अहो, लावा की आता दिवा. खडे दिसत नाहीत."

दिवा तिच्या डोक्यावरच जळत होता.

काका आधी हसले. त्यांना वाटलं, बायको थट्टा करतेय. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. ती बोटांनी चाचपून खडे शोधत होती.

"दिवा लावलाय गं. कधीपासून होतंय असं?"

मावशी गोंधळली. "बरेच दिवस झाले. मला वाटायचं, तुम्हीच उशिरा लावता."

मला काकांच्या तोंडाकडे पाहवेना. इतका दुःखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी जपता येईल.

आता त्या घरात भर दुपारीही सगळे दिवे चालू असतात. न्हाणीघरातला, देवघरातला, विहिरीवरचासुद्धा. शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय हो, लग्नकार्य काढलंय का?" काका नुसते हसतात. मावशी कुरकुरते, "बंद करा हो, उगाच कशाला?" काका म्हणतात, "राहू दे." मग तीच त्यांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवते आणि म्हणते, "आता छान दिसतंय हं."

खरंच दिसतं का, हे काका तिला विचारत नाहीत. मीही कधी विचारलं नाही.