मास्टरांचा बहमन महिना

पुण्याहून पहाटेची एसटी धरली तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. तीस वर्षं परिचारिका म्हणून काढल्यावर आता मी आमच्या संस्थेतर्फे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जाते. मुस्लिम घरांतून आमच्याकडे फारसं कुणी येत नाही, म्हणून आम्हीच जायचं ठरवलं होतं. पिशवीत उर्दू माहितीपत्रकं आणि प्रश्नांचे तक्ते होते.

छत्रपती संभाजीनगरला उतरून नान-खलिया (नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खाल्लं आणि रश्शाचा ओघळ साडीवर मिरवत खुलताबादच्या जीपमध्ये चढले. दौलताबादचा किल्ला मागे पडला, घाट लागला, गारठा वाढला.

आमच्या संस्थेला गुपचूप फोन केलेल्या रेहानाच्या घराला बाहेरून कडी होती. ती दळण घेऊन आली आणि तिनंच कडी काढली. आत तिचे सासरे होते. गाव त्यांना मास्टर म्हणतं. जन्मभर शिंपीकाम केलेलं. दुकान विकून सहा वर्षं झाली तरी दुपारी ते दुकान उघडायला निघायचे आणि वाट चुकायचे. गंगापूरला नोकरी करणाऱ्या मुलानं कडी लावायला सांगितलं होतं. लोक त्यांना वेडं म्हणतील या धास्तीनं रेहाना तीन वर्षं गावात कुणाला काही न सांगता एकटीच निस्तरत होती. कडी लागली की ते दार ठोकत बसतात, हे सांगताना तिला रडू आलं.

मी तक्ता काढला. हा महिना कोणता, विचारलं. मास्टर ठामपणे म्हणाले, “बहमन.” मी फुली मारली.

“ती फुली खोडा, ताई. अब्बांचं बरोबर हाय,” रेहाना म्हणाली. “निजामाच्या शाळेत हेच महिने व्हते. बहमन म्हंजे आपला डिसेंबर.”

१९४८ साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मास्टर चौथीत होते. ते फसली महिने (निजामी राज्याच्या कॅलेंडरातले) तिनं त्यांच्याकडून ऐकून ऐकून पाठ केले होते. मी खजील होऊन फुली खोडली. पुढच्या उत्तरांत मात्र मास्टर चुकत गेले. आजार होताच.

तक्ता मिटून मी म्हणाले, “तुला जेवढं कळतं तेवढं मलाही कळलं नाही. यांचा आजार गल्लीला सांगायला तू कशाला लाजतेस?”

ओढणी सारखी करून तिनं मास्टरांचा हात धरला आणि आम्ही बाजारात गेलो. पहिलं दुकान किराण्याचं होतं. ती पायरीशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली,

“अब्बांना विसरायची बीमारी हाय. वेड नाय. दिसले तर बसवून घ्या, मला फोन करा.”

किराणावाले उठून बाहेर आले. “आधी सांगायचं ना, भाभी. माझी शाळेची चड्डी यांनीच शिवली,” म्हणत त्यांनी मास्टरांना खुर्ची दिली. मास्टरांनी बसायच्या आधी किराणावाल्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. मी मागं पत्रकं धरून उभी होते. एकही लागलं नाही. मी काहीच केलं नव्हतं, तरी अभिमानानं ऊर भरून आला.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, आमच्या पुढच्या प्रशिक्षणात शिकवायला रेहानाला बोलवायचं. इतकी वर्षं मी लोकांना शिकवत फिरले आणि समोरच्या बाईला काय येतं हे विचारायचं राहूनच गेलं होतं. पुण्याला पोचून चार दिवस झाले आणि तिचा फोन आला.

“कडी उखडून टाकली, ताई. अब्बा काल दोनदा बाहेर गेले.”

“मग?”

“दोन्ही टायमाला चहा पिऊन आले. सोडायला किराणावाले भाऊ.”